मनी प्लांट आणि सव्वा विसवा दया



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. नवकारशी पारून मी चहा घेत होते. अंगणात आवाज आला म्हणून बाहेर आले तर सहा-सात मुलं उभी. दोघांच्या हातात फांद्या कापायच्या मोठ्या कात्र्या, एकाकडे बांबूची आकडी, एकाच्या खांद्यावर शिडी. सगळी किन्हवलीचीच, दोन-तीन तर आमच्या दुकानात उधारीवर वही-पेन नेऊन मोठी झालेली.

"काकू, तुमच्या आंब्यावरची वेल काढू का?"

मी पटकन म्हणाले, "नको रे बाबा."

का नको म्हणाले, हे सांगायला हा लेख लिहिते आहे. कारण तेव्हा तोंडावर जे कारण दिलं ते वेगळं होतं, आणि खरं वेगळं.

ही मुलं आधी झाडांमधले खिळे काढायची. पुण्यात 2018 साली 'आंघोळीची गोळी' नावाच्या गटाने हे काम सुरू केलं. नाव ऐकून हसू येतं, पण पाणी वाचवण्यासाठी आठवड्यातून एक दिवस आंघोळीला सुट्टी द्या, या कल्पनेतून ते आलं. मग त्यांनी रस्त्याकडेच्या झाडांना ठोकलेल्या पाट्या, तारा, खिळे काढायला घेतले, आणि 'खिळेमुक्त झाडं' गावोगावी पसरलं. आमच्या मुलांनी ते मोबाइलवर पाहिलं आणि बाजारपेठेपासून शाळेपर्यंतच्या झाडांचे खिळे उपसले. त्याला कुणीच हरकत घेतली नाही. खिळा काढण्यात पुण्यच पुण्य, खिळ्याला जीव नसतो. आता मात्र ती वेलींवर आली होती. वेल म्हणजे वनस्पतीकाय. एकेंद्रिय जीव. इथे आपण अडतो.

मी मुलांना तेच सांगितलं. "आम्ही जैन आहोत रे, हिरवं असं उगीच तोडत नाही." मुलं बिचारी "बरं काकू" म्हणून पुढच्या घरी गेली.

ती गेल्यावर मी आंब्याखाली जाऊन उभी राहिले. हा आंबा सासऱ्यांनी लावलेला. त्याच्यावरची वेल मनी प्लांटची, आणि ती मी लावलेली. बावीस वर्षांपूर्वी डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते. तिच्या शेजारणीच्या गॅलरीत छान मनी प्लांट होता. मनी प्लांट मागून आणला तर फळत नाही, चोरून आणला तरच पैसा येतो, असं तेव्हा सगळ्या म्हणायच्या. दुकानाची परिस्थिती बेताची होती. मी वीतभर तुकडा खुडून पर्समध्ये टाकला. रोज सामायिक करणारी बाई मी, अदत्तादानाचा अर्थ पाठशाळेत मुलांना शिकवलेला, आणि पैशासाठी दुसऱ्याच्या कुंडीतून वेल चोरली! (पैसा काही आला नाही. दुकान पुढे सावरलं ते यांच्या मेहनतीने.) आणल्यावर तो तुकडा आंब्याच्या बुंध्याशी खोचला आणि विसरून गेले.

कुंडीतल्या मनी प्लांटचं पान आपल्या तळहाताएवढं असतं. तीच वेल झाडावर चढली की पानं सुपाएवढी होतात, मधूनमधून फाटतात, ओळखूही येत नाही की ही तीच. आमच्या आंब्याचं खोड गेली कित्येक वर्षं मी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दोन फांद्यांपर्यंत नुसती वेल. पाहुणे म्हणायचे, "काय छान दिसतं!" मलाही बरं वाटायचं.

म्हणजे 'नको' म्हणताना जीवदया तोंडी होती, पण मनात होती ती वेलीची माया आणि थोडी लाज. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं ठरेल.

त्या संध्याकाळी नेटवर वाचलं. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या सोसायटी बेटांमधल्या मोओरेआ नावाच्या बेटावरचा. आणि त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फूल नाही, फळ नाही, बी नाही. म्हणजे पक्षी त्याचं बी नेऊन टाकू शकत नाहीत. त्याच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं, आणि असा तुकडा कुणीतरी नेऊन लावला किंवा कचऱ्यात फेकला तरच तो नव्या जागी जातो. आपल्या शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही झाडावर मनी प्लांट दिसला तर समजावं, त्याच्या मुळाशी कुणा माणसाचा हात आहे. बहुतेक बाईचा. श्रीलंकेत कँडी शहराला लागून उडवत्त केले नावाचं राखीव जंगल आहे. शोभेसाठी आणलेल्या याच वेलीने तिथली जमीन आणि झाडांची खोडं व्यापून टाकली आहेत. आपल्या रानातली टणटणी, जिला घाट्यावरचे लोक घाणेरी म्हणतात, तीही इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणूनच आली होती.

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंना म्हटलं, मी मुलांना बोलावून वेल काढून घेणार. त्या माझ्यापेक्षा तपात कितीतरी पुढे, वर्षीतप केलेल्या. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "आपण आठम-चौदसला लीलोत्री खात नाही, इरियावहियं म्हणताना हिरवळीवर पाय पडला तरी क्षमा मागतो, आणि तू अख्खी वेल कापायला देतेस? तेही ज्याचा तुकडा तुकडा परत उगवतो अशी?"

शेवटच्या वाक्याने मला गप्प केलं. ज्यांनी जीवविचार केलं आहे त्यांच्या लक्षात येईल. साधारण वनस्पतीच्या, म्हणजे अनंतकायाच्या, ज्या खुणा सांगितल्या आहेत त्यात ही एक आहे: तोडल्यावर पुन्हा उगवणं. गुळवेल, कोरफड आपण अनंतकायात धरतो ते उगीच नाही. मनी प्लांट त्यात बसतो की नाही हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही, ते गुरुभगवंतांना विचारावं. पण बसतो असं धरलं, तर जाऊबाईंचा मुद्दा किती जड आहे ते बघा. एक वेल कापली म्हणजे अनंत जीवांची विराधना.

मी बी.कॉम. आहे. या पदवीचा उपयोग घरखर्चाच्या वहीपलीकडे फारसा झाला नाही, पण हिशोब मांडल्याशिवाय मला काही समजत नाही, ही सवय मात्र राहिली. आपल्याकडे दयेचाही हिशोब आहे. साधूंची दया वीस विसवे, म्हणजे पूर्ण. श्रावकाची किती? जीव दोन प्रकारचे, त्रस आणि स्थावर. चूल पेटवणाऱ्या, पाणी वापरणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही. वीसातले दहा गेले. राहिले त्रस जीव. त्यातही मुद्दाम केलेली हिंसा आणि घर-शेती-धंदा चालवताना होणारी हिंसा असे दोन भाग. दुसरी सुटत नाही, म्हणून पाच गेले. उरलेल्या पाचात अपराधी आणि निरपराधी, राहिले अडीच. त्यातही सापेक्ष आणि निरपेक्ष, राहिला सव्वा. वीस रुपयांत सव्वा रुपया! एवढीच आपली पुंजी.

पाठशाळेत हे शिकताना मला वाटायचं, ही श्रावकाला दिलेली सूट आहे. आता वाटतं, ही सूट नव्हे, ही आपली खरी पत आहे. बॅलन्सशीटमध्ये जे देणं आहे ते लपवायचं नाही. आपण रोज सकाळी दुधी चिरतो, कोथिंबीर निवडतो, मेथीची जुडी मोडतो. तिथे एकेंद्रिय जीव आठवतो, पण हात थांबत नाही. आपण जयणा पाळतो आणि पुढे जातो. मग आपणच लावलेल्या वेलीपाशी आल्यावर मात्र हात का थांबतो? मला माझ्यापुरतं उत्तर सापडलं: भाजी चिरली नाही तर घर उपाशी राहतं, वेल काढली नाही तर माझं काहीच अडत नाही. कष्ट वाचतात आणि वर धर्मही पाळल्यासारखा वाटतो.

आता खात्याची दुसरी बाजू. वेलही एकेंद्रिय, आंबाही एकेंद्रिय. इंद्रियांच्या मोजणीत दोघं सारखे. पण आंब्याच्या आधाराने जे जगतात ते सारखे नाहीत. लाल मुंग्यांचं घरटं, खारी, पोपट, दुपारी झोपणारी घुबडाची जोडी. त्यांत पंचेंद्रियसुद्धा आले, आणि श्रावकाचं पहिलं व्रत आहे ते त्रस जीवांसाठीच. झाड गेलं तर ते सगळं गेलं. माझ्यासमोर उदाहरण होतं. जून महिन्यातल्या वादळात आमच्या आळीतलं एक जुनं जांभळाचं झाड आडवं झालं. त्याच्यावर अशीच वेल होती. वेलीमुळे पडलं असं मी म्हणणार नाही. पण पडल्यावर दिसलं की खोड आतून पोखरलं होतं, आणि हिरव्यागार वेलीखाली ते कुणाला कधी दिसलंच नाही. मनी प्लांट झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेतो. पण त्याचं ओझं होतं, साल ओली राहते आणि आजार झाकला जातो.

आणि मुळात ही हिंसा घडली केव्हा? मी तो तुकडा खोचला तेव्हा. काहीही गरज नसताना. आठवं व्रत अनर्थदंडाचं. विनाकारण केलेलं पाप ते हेच नाही तर दुसरं काय? कापण्याचा दोष मी नाकारत नाही. तो माझ्या खात्यात लिहिला जाईल. पण नावे टाकायची मूळ रक्कम बावीस वर्षांपूर्वीची आहे, आणि दरवर्षी तिच्यावर व्याज चढतं आहे.

जाऊबाईंना हे सगळं ऐकवलं. "तुझं गणित नेहमी तुझ्याच बाजूने सुटतं," एवढंच म्हणाल्या. हे वाक्य अजून टोचतं, कारण अगदीच खोटं नाही.

मी मुलांना निरोप धाडला. पण आपल्या अटी घातल्या, आणि यातल्या बऱ्याच अटी त्यांच्याही कामाच्या निघाल्या.

आधी पडिलेहण. कात्री लावण्याआधी प्रत्येक पान उचलून पाहायचं. मुलं हसली, पण दहा मिनिटांत त्यांना एक सरडा, गोगलगायी आणि मुंग्यांची लांबलचक रांग दिसली. सासूबाईंची जुनी मऊ पुंजणी मी काढून दिली. मुंग्या हळूच बाजूला केल्या, गोगलगायी केळीच्या बुडख्याशी नेऊन ठेवल्या. काम दुपटीने लांबलं. लांबू दे.

दुसरं म्हणजे वेल ओढायची नाही. तिची मुळं सालीत घट्ट बसलेली असतात, ओढली की साल सोलून निघते. माझी पुतणी अमेरिकेत पोर्टलँडला असते. तिथे आयव्ही नावाची युरोपातून आणलेली वेल जंगलातल्या झाडांवर चढते, आणि 1994 पासून स्वयंसेवक रविवार-सुट्टीला ती काढतात. तिने फोनवर पद्धत सांगितली: बुंध्याभोवती घोट्याच्या उंचीवर एकदा आणि खांद्याच्या उंचीवर एकदा, अशी वेल गोल कापायची आणि मधला पट्टा अलगद सोडवायचा. वरची वेल तशीच ठेवायची. ती आपोआप वाळते आणि गळते. तिच्यात राहणाऱ्या जिवांना हलायला वेळ मिळतो. मला ही रीत फार आवडली, कारण ती धीराची आहे. एक मात्र सांगते: मनी प्लांटची हवेतली मुळं लांब सुटून थेट जमिनीपर्यंत येतात, तीही शोधून कापावी लागतात, नाहीतर वरची वेल मजेत जगते. आणि हातमोजे घालाच. चीक लागला की हात दिवसभर खाजतात. शेळ्या-गुरांपुढेही तो पाला टाकू नका, त्यांचं तोंड सुजतं.

वेळही हीच बरी, चातुर्मास संपल्यानंतरची. बहुतेक पक्ष्यांची घरटी तेव्हा रिकामी असतात, हवा कोरडी असल्यामुळे तुकडे लवकर वाळतात, आणि पावसाळ्यातल्यासारखी जीवोत्पत्ती नसते. आपल्या पूर्वजांनी पावसाळ्यात हिंडण्या-खणण्यावर बंधन घातलं त्यात किती विचार होता, ते अशा कामात कळतं.

आमच्याकडे रानभाजी घेऊन येणाऱ्या ठाकूरवाडीतल्या मावशी त्या दिवशी योगायोगाने आल्या आणि थांबल्या. बरं झालं. आमच्या उत्साही मुलांनी कुंपणापलीकडच्या गुळवेलीलाही हात घातला होता. मावशी ओरडल्या, "अरं ती औषदाची हाय!" त्यांनीच मोरवेल, कावळी दाखवली. ह्या इथल्याच, यांना झाडं ओळखतात, म्हणाल्या. एका मुलाने न विचारता खाजकुयलीची शेंग धरली आणि पुढचा अर्धा तास तो हौदाजवळ नाचत होता. वेल दिसली की कापायची, हा जो मुलांचा खाक्या आहे तो मला मान्य नाही. हिरवं काहीच तोडायचं नाही आणि वेल दिसली की तोडायची, दोन्हीत डोळे मिटलेलेच.

बांडगुळावरून तर आमचं भांडणच झालं. मुलांना मोहाच्या झाडांवरचं सगळं बांडगूळ साफ करायचं होतं. मनी प्लांट फक्त आधार घेतो. बांडगूळ झाडाचं पाणी पितं, पण अन्न स्वतः करतं. अमरवेल तर पान-मूळ काही न ठेवता सगळंच दुसऱ्याचं खाते. (एकत्र कुटुंबात राहिलेल्या भगिनींना हे तीन प्रकार समजावून सांगायला नकोत.) पण बांडगूळ परकं नाही. त्याची चिकट फळं फुलटोच्या पक्षी खातो आणि फांदीवर चोच-शेपूट पुसून बी रुजवतो. हळदीकुंकू नावाचं जे सुंदर फुलपाखरू आपल्याकडे दिसतं, त्याच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. अळ्या म्हणजे त्रस जीव. तिथे माझा सव्वा विसवा थेट लागू होतो. मी म्हटलं, याला हात लावू नका.

तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाई, पण माझ्या मोहाला फुलंच येईनात ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोहाची फुलं वेचून त्यांचे उन्हाळ्याचे दोन महिने निघतात. माझ्या घरात बसून फुलपाखरांची दया करणं सोपं आहे. शेवटी ठरलं की मावशींच्या दोन झाडांवर फार माजलेलं तेवढंच काढायचं, तेही अळ्या-घरटं पाहून. बाकीचं राहू द्यायचं. माझं मन पूर्ण मानलं असं नाही.

पुतणीने आणखी एक गोष्ट सांगितली. ओरेगॉन राज्यात 2010 पासून आयव्ही विकायलाच बंदी आहे. मला हे जास्त पटलं. इकडे मुलं रविवार घालवून वेली काढणार आणि तिकडे आपण रोपवाटिकेतून नव्या आणणार, तर त्या मुलांच्या घामाला काय अर्थ? हल्ली पूजनात, तपाच्या पारण्यात प्रभावना म्हणून रोप देतात. चांगली पद्धत आहे. पण मी तीन ठिकाणी मनी प्लांट मिळालेला पाहिला, कारण तो स्वस्त, मरत नाही, आणि नावात पैसा. त्याऐवजी अडुळसा द्या, कढीपत्ता द्या. ज्यांच्याकडे मनी प्लांट आहे त्यांनी तो कुंडीत, घरात ठेवावा. मातीत, झाडाखाली लावू नये, आणि छाटलेला तुकडा ओढ्याकाठी किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकू नये.

आमच्या आंब्यावरून साडेचार पोती वेल निघाली. जाळायची नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. अग्नीत किती जीव जातील. ज्या गच्चीवर पापड वाळवते तिथेच पसरली. आंब्याचं खोड मी बावीस वर्षांनी पाहिलं. खाली एका बाजूला मूठभर खळगा पडला आहे, त्यात डिंक सुकलेला. कृषी खात्यातले एक ओळखीचे गृहस्थ येऊन बघून गेले, झाड वाचेल म्हणाले. यंदा मोहोर बरा आला, पण तो वेल काढल्यामुळे की थंडी चांगली पडल्यामुळे, मला सांगता येणार नाही.

जाऊबाई अजून या विषयावर बोलत नाहीत. पण परवा गच्चीवर गेल्या होत्या. खाली येऊन म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या एका तुकड्याला कोंब फुटलाय." मी जाऊन पाहिलं. अडीच महिने कडक उन्हात पडलेलं बोटभर पेरं, आणि त्याला नखाएवढं हिरवं पान. मी ते उचललं, कपात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. मुलांना अजून सांगितलेलं नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मनापासून मिच्छामि दुक्कडम्.